घड्याळ कधी सुरू करायचं

आमचा देश छोटा, एका मोठ्या संघराज्यातला. त्यामुळे दरवर्षी आकडेवारी निघाली की सगळ्यांना एकच खाज: आपण संघराज्याच्या पुढे की मागे? ती तुलना सांख्यिकी कार्यालयात मी करते आणि तिच्या जोरावर आमचे संचालक कॉलर ताठ करून फिरतात.

त्यांचा लाडका आकडा रुग्णवाहिकेचा. संघराज्यात ती सरासरी अठरा मिनिटांत येते, आमच्याकडे नऊ. मेख अशी, की संघराज्यात वेळ धरतात फोन वाजल्यापासून आणि आमच्याकडे गाडी फाटकातून निघाल्यापासून. मी दरवर्षी तशी टीप घालायचे, ते दरवर्षी उडवायचे. "अगं, टीप कोण वाचतं?"

गेल्या वर्षी आई गेली. बाबांनी फोन केल्यावर गाडी पाऊण तासाने आली. तक्रारीला उत्तर मिळालं: नोंदीनुसार गाडी नऊ मिनिटांत पोहोचली, देशाच्या सरासरीइतकीच.

"म्हणजे मीच फोन उशिरा केला," बाबा म्हणाले. "घाबरलो असेन." मी कितीदा समजावलं, पण त्यांचं एकच, "तू माझी समजूत काढतेयस."

मी संचालकांना विनवलं, निदान यंदा टीप राहू द्या. ते म्हणाले, "घरचं दुखणं ऑफिसात आणू नकोस." माझ्या डोक्यात तिडीकच गेली. या माणसाला तोंडघशी पाडायचं, तेही त्याच्याच तोंडून, हे मी तिथेच ठरवलं.

यंदा मी फोनच्या नोंदी मागवल्या आणि आमचाही हिशोब फोन वाजल्यापासून केला. एकतीस मिनिटं! पत्रकार परिषदेतलं त्यांचं भाषण मीच लिहिते; ते रीतसर आदल्या दिवशी त्यांना पाठवलं. वाचतील तर शपथ. पडद्यावर येईल ते गोड आवाजात वाचायचं, एवढंच त्यांना येतं.

पत्रकार परिषदेत पहिल्या रांगेत मंत्री. संचालकांची संघराज्याच्या कार्यालयात बढती जवळजवळ ठरलेली.

"सांगायला अभिमान वाटतो," हे त्यांच्या पदरचं, "की रुग्णवाहिकेच्या बाबतीत आपण संघराज्याच्या बरेच मागे आहोत. फोन केल्यापासून एकतीस मिनिटं. आजवर आपण गाडी निघाल्यावर घड्याळ..."

ते थांबले.

"आजवर म्हणजे किती वर्षं?" एका बातमीदार बाईने विचारलं. संचालकांची बोबडी वळली. मंत्री उठून चालते झाले. संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी हसले, चांगली दात दाखवून. वर्षभरात मला इतकं बरं वाटलं नव्हतं. उद्या माझी चौकशी लागेल, लागू दे.

घरी बाबा टीव्हीसमोर बसले होते. मी चपला काढतेय तोच म्हणाले, "म्हणजे मी फोन वेळेवर केला होता."

"हो, बाबा."

पडद्यावर संचालक घाम पुसत होते. बाबा नजर न हलवता बघत राहिले. बातमी संपली तसा त्यांनी रिमोट माझ्या हातात दिला.

"परत लाव. तो अडखळतो तिथून."