सेव्हेरसचं वर्षश्राद्ध

माझ्या नवऱ्याला, अजितला देवाधर्माचं वेड नव्हतं. त्याला वेड होतं सेव्हेरसचं. सेप्टिमियस सेव्हेरस, रोमचा बादशहा, पण जन्म रोमचा नव्हे, आफ्रिकेतला, आज जिथे लिबिया आहे तिथला. लॅटिन बोलायचा तीही म्हणे मरेपर्यंत आफ्रिकी हेल काढून. अजित उदगीरचा. ऑस्ट्रेलियात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत लागला तेव्हा त्याचं इंग्रजी ऐकून सगळी शिफ्ट हसायची. त्यानं राग गिळला, स्वतःची ड्रिलिंग कंपनी काढली, हसणाऱ्यांतल्या दोघांना मुद्दाम नोकरीवर घेतलं आणि वर्षभरात हाकललं. "सेव्हेरसनं मुंडकी उडवली होती," म्हणायचा. "त्या मानानं मी सज्जन."

सज्जन कसला. पोरांना पट्ट्यानं झोडायचा आणि मग मांडीवर घेऊन त्या बादशहाची गोष्ट सांगायचा. शत्रूच्या प्रेतावर घोडा कसा घातला, मुंडकं रोमला कसं धाडलं, मग सिनेटवाल्यांना कसं वेचून मारलं. थोरला विक्रांत टाळ्या पिटायचा. धाकटा यतिन माझ्यामागे लपायचा.

त्या बादशहाची बहीण गावाहून आली, तिला लॅटिन धड येईना, तर त्यानं लाजून भेटवस्तू देऊन तिला परत पाठवलं. आमच्या चित्रावन्संचं तेच झालं. अजितची सख्खी बहीण, किती हौसेनं आलेली. बार्बेक्यूला आलेल्या क्लायंट्सना त्यांनी मराठीतून जेवायचा आग्रह केला, आणि त्याच आठवड्यात यानं हातात सोन्याची बांगडी घालून त्यांची पाठवणी केली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता.

गोष्टीचा शेवट मात्र अजितनं पोरांना कधी सांगितला नाही. मी वाचला होता. मरताना सेव्हेरस दोन्ही मुलांना म्हणाला, एकमेकांशी जमवून घ्या, सैनिकांना पैसा द्या, बाकी कुणाला मोजू नका. राज्य दोघांना मिळून दिलं. पोरांनी राजवाड्यातली मधली दारं बुजवून टाकली. मग थोरल्यानं आईला गळ घातली, धाकट्याला बोलाव, समेट करू. तिनं बोलावलं. थोरल्याची माणसं आत घुसली आणि धाकटा आईच्या कुशीत मेला. तिच्या हातावरही वार बसला. पुढे थोरल्यानं भावाचा चेहरा चित्राचित्रांतून खरवडून काढायला लावला, आणि आईला रडायचीही बंदी केली.

अजित गेला, मृत्युपत्र वाचलं गेलं, तर त्यातही तेच. कंपनी दोघांची मिळून, वाटणी नाही. थोड्याच दिवसांत ऑफिसात मधोमध प्लायवूडची भिंत उभी राहिली. विक्रांतनं परस्पर पगार वाढवून ड्रिलर्स आपल्या बाजूला ओढले. यतिननं वकील गाठला. एकदा यार्डात विक्रांतनं त्याचा जबडा फोडला. सगळे बघत उभे होते, एकानंही पाय हलवला नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तसा विक्रांतचा फोन आला. "आई, यतिनला बोलाव ना. बाबांसाठी. आय वॉन्ट टु फिक्स धिस." ती रोमची गोष्ट मला तोंडपाठ होती, तरी मी यतिनला बोलावलं. आई आहे मी, दुसरं काय करणार होते?

मागच्या शेडखाली मी सगळं मांडलं. तीळ, दर्भ, पिंडांचा भात. पुण्याचे गुरुजी टॅबलेटवर व्हिडिओ कॉलवर होते. यतिन आला तो स्वतःचं ताम्हण आणि स्वतःचा भात घेऊन.

"यजमान कोण?" गुरुजींनी विचारलं.

"मी. थोरला मी आहे," विक्रांत म्हणाला.

"मी माझं वेगळं करणार," यतिन म्हणाला.

गुरुजी चाचरले. "कुटुंब एकत्र असेल तर थोरल्यानं केलेलं सगळ्यांचं होतं. भाऊ विभक्त असतील तरच वेगवेगळं करतात. तुमची वाटणी झाली आहे का?"

"आज झाली," यतिन म्हणाला. "इट्स डन."

विक्रांतनं लाथेनं त्याचा भात उडवला. यतिननं ताम्हण उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. ओठ फाटला, दात रक्तासकट खाली पडला. अरे, बापाचं श्राद्ध आहे, मी म्हणत राहिले, पण ऐकतंय कोण. विक्रांत उठून त्याच्या यूटकडे, कामाच्या पिकअपकडे गेला. मला वाटलं, निघाला एकदाचा. तो पाइप रेंच, तो हातभर लोखंडी पाना, घेऊन परत आला.

मी यतिनला मिठी मारली. पहिला घाव माझ्या हातावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसरा यतिनच्या कानामागे. तो माझ्या अंगावर कलंडला आणि त्याचं गरम रक्त माझ्या गळ्यावरून आत ओघळलं. "सॉरी, आई," एवढंच म्हणाला, मग बोलेनासा झाला. विक्रांतनं पुन्हा हात उचलला.

"आधी मला मार, मेल्या," मी म्हणाले.

त्यानं न मारताच हात खाली घेतला. गुरुजींच्या टॅबलेटचं तोंड पिंडांकडे होतं. "काय झालं हो? कसला आवाज?" ते विचारत होते.

हॉस्पिटलात माझ्या हाताला प्लास्टर घालत होते तोवर यतिनला विमानानं पर्थला न्यायची तयारी चालली होती. कवटी फुटली आहे, शुद्ध येईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. विक्रांत शर्ट बदलून आला, माझ्याजवळ बसला आणि माझा धड हात धरला.

"तो घसरला, आई. पायरीवर आपटला. त्याला सावरताना तुझा हात मोडला. ओके?" त्याचा आवाज अगदी मऊ होता. "तो गेला तर तुला मी एकटाच उरणार. मलाही घालवणारेस? बाबांनी उभं केलेलं सगळं संपेल."

तेवढ्यात एक तरुण पोलीसबाई आली, माझ्यासमोर गुडघ्यावर बसली. "व्हॉट हॅपन्ड, लव्ह?"

विक्रांतनं माझा हात दाबला. मला ती रोमची आई आठवली. पोटचं पोर कुशीत मारलं गेल्यावरही ती थोरल्यापाशीच राहिली, त्याचा पत्रव्यवहार सांभाळत. नवऱ्याचं राज्य तिनं तसं जपलं. मला तिची कीव आली, आणि भयंकर रागही आला.

मी हात सोडवून घेतला.

"यानं मारलं," मी इंग्रजीत सांगितलं. "माझा मुलगा आहे. विक्रांत नाव."

तो "आई" म्हणाला. त्याला बाहेर नेईपर्यंत तो "आई, आई" करत राहिला. मी नर्सला विचारत होते, यतिनबरोबर विमानात मला बसू देतील का.