सिद्धरामच्या पायांना बांधलेला मी

मित्रांनो, मी कलबुर्गीच्या एका दवाखान्यातला जुना रोबो आहे. रोबो म्हटले की तुम्हाला डोळे मिचकावणारा, सलाम ठोकणारा लोखंडी बाबा आठवेल. छे हो! मला ना डोके, ना तोंड. पायाखाली एक सरकता पट्टा, माणसाला वरून धरून ठेवणारे जाड पट्टे आणि दोन लोखंडी पाय, एवढाच माझा संसार. पाठीच्या कण्याला मार लागून ज्यांचे पाय लुळे पडले, त्यांच्या पायांना माझे पाय बांधतात आणि मी त्यांना चालवतो.

मी नवा आलो तेव्हा मला हार घातला, नारळ फोडला. लोक दारातून डोकावून बघत. मीही तोऱ्यात होतो, खोटे कशाला बोलू? पण मला सांगायचे आहे ते सिद्धरामचे.

सिद्धराम खजुरी गावचा, धनगराच्या घरचा. शेळ्यांसाठी पाला तोडताना कडुलिंबाच्या झाडावरून पडला आणि कमरेखाली सारे बधिर झाले. त्याची आई सुभद्राबाई त्याला घेऊन आली आणि माझ्यापुढे पदर पसरून उभी राहिली. तिने गावच्या बिरप्पाला नवस बोलला होता. पोरगा चालला की पालखीवर भंडारा उधळीन, गावाला जेवू घालीन.

सुरुवातीला सिद्धरामचे पाय माझ्यात नुसते लोंबत. सगळे ओझे माझ्यावरच. पण एका सकाळी त्याच्या उजव्या मांडीने मला ढकलले. अगदी जरासे! तो जोर माझा नव्हता, त्याचा होता. व्यायाम करून घेणाऱ्या प्रशांतकुमार सरांनी ते मला जोडलेल्या संगणकाच्या पडद्यावर पाहिले आणि टाळीच वाजवली.

"अव्वा, तुमचा मुलगा आज छान चालला बघा!"

पोराला हुरूप यावा म्हणून ते नेहमीच असे बोलत. पण सुभद्राबाईने त्या दिवशी माझ्या लोखंडी पायांना भंडारा लावला. "बिरप्पा पावला रं लेकरा! चल घरी. जत्रा आलीय, नवस फेडायचाय."

सर घाबरले. "अव्वा, आत्ता कुठे सुरुवात आहे. अजून यंत्रच चालवतंय त्याला. काही महिने राहू द्या, काठी धरून उभा राहील कदाचित."

"तुमीच म्हनलात की चालला म्हनून! देवानं दिलं आन् आमी हितंच पडून ऱ्हायलो, तर देवावर भरवसा न्हाई असंच झालं की!"

सिद्धराम हळूच म्हणाला, "आई, ऱ्हाऊ की अजून."

"कामून? देवावर शंका घ्यायलास व्हय?"

ती त्याला घेऊन निघाली. अजून सारे ओझे मीच पेलतोय, हे मी ओरडून सांगितले असते हो, पण तोंड कुठून आणू?

जत्रा झाली, गाव जेवले. फेडलेला नवस मोडल्यासारखा होईल, म्हणून त्याला कुणी परत आणले नाही. सिद्धराम बाजेवर पडून राहिला, हे मला नंतर कळले.

थंडी सुरू झाल्यावर त्याचे पाय सरळच होईनात, तेव्हा माय-लेक पुन्हा आली. सिद्धरामचे गुडघे आखडले होते. सरांनी त्याला सांभाळून माझ्यात बांधले. मी हळूच पाऊल उचलले, त्याचा गुडघा अडला, माझा धोक्याचा लाल दिवा लागला आणि मी थांबलो. पुन्हा उचलले, पुन्हा थांबलो. उजव्या मांडीपाशी मी किती वाट पाहिली! काहीच आले नाही. माझा जीव तुटला.

"काय झालं सर?" सुभद्राबाईने विचारले. "तवा चालत व्हता न्हवं माजा सिद्धू?"

सरांच्या आधी सिद्धरामच बोलला, "आई, तवा ह्यो चालवायचा. मी आत्ता कुटं शिकायलो व्हतो."

ती मटकन खाली बसली. "मीच नेलं रं तुला. मीच नेलं!"

मित्रांनो, तिला नावे ठेवू नका. तिच्याइतकी माया मी या खोलीत कुणाची पाहिली नाही. पण तुमच्या घरी कुणी आजारातून उठत असेल, तर त्याला बरा झालास म्हणायची घाई करू नका. अजून किती उरले आहे ते त्यालाच विचारा, आणि तो सांगेल ते ऐका.

ती रडत होती आणि सिद्धराम माझ्या पट्ट्यांत तसाच टांगलेला होता. त्याने खाली हात लांबवला, पण तो तिच्या डोक्यापर्यंत पोचेना.

"सर," तो म्हणाला, "मला जरा खाली सोडा. आईला उठवायचंय."