तिसरा गिअर

थायलंडमधल्या लोमकाओच्या घाटात शेवटच्या वळणावर डोंगरबाबाचं ठाणं आहे. माथ्यावरून कोबी भरून उतरणारी प्रत्येक पिकअप तिथे तीन हॉर्न देते. पहिला बाबाला, दुसरा त्याच्या बायकोला, आणि तिसरा कुणाला हे कुणालाच माहीत नाही; पण तो चुकवायची कुणाची छाती होत नाही. वळणाखालीच बुनथोमचं गॅरेज. एकतीस वर्षं तो गाडीखाली पडल्या पडल्या हॉर्न ऐकून सांगायचा, कोण उतरतंय ते. त्याच्या जावयाचा, खमरोनचा हॉर्न थोडा घोगरा होता.

बुनथोमचा हात चांगला होता, यात वाद नाही. दुसऱ्यांनी सोडून दिलेली डिझेल इंजिनं तो कानाने लावायचा. पण माणूस महा-आतल्या गाठीचा. काय केलं, कसं केलं, हे तो गिऱ्हाइकाला कधी सांगत नसे. कुणी विचारलंच, तर गाडीच्या आरशाला बांधलेल्या फुलांच्या माळेकडे बोट दाखवायचा. "मे यानांगला विचार. गाडी तिची, मी नुसता हमाल." प्रत्येक गाडीत मे यानांग देवी असते, ती चाकांवरच्या माणसाला सांभाळते, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. त्यामुळे पुढे विचारायची सोयच उरायची नाही. घाटातले सगळे मिस्त्री असेच. आपापला नुस्खा उराशी धरून बसायचे आणि दुसऱ्याच्या नुस्ख्यावर डोळा ठेवायचे.

खमरोनचं पोट मात्र उथळ. दोन घोट गेले की जे आत असेल ते बाहेर. बुनथोमने एकदा पंपाचं टायमिंग थोडं पुढे घेऊन त्याच्या गाडीचा धूर बंद केला होता, तर चार दिवसांत समोरच्या गॅरेजवाल्या उथायने तोच नुस्खा आपल्या पाटीवर रंगवला. ते बुनथोमच्या मनातून कधी गेलं नाही.

यंदा डिझेल भडकलं आणि खमरोन एका दुपारी येऊन टायरवर बसला.

"बाबा, गाडी विकतो. तैवानला कारखान्यात माणसं घेतायत. तीन वर्षांचा करार आहे."

"आणि लामयाय? तिला सहावा लागलाय."

"तिच्यासाठीच तर जातोय. लिटरला नऊ किलोमीटर. गाडी डिझेल पीत नाही हो, आंघोळ करते डिझेलने."

आत भाजी निवडत बसलेल्या लामयायचा हात थांबला. एवढी एकच लेक. तिची आई गेल्यापासून बुनथोमने तिला कधी रडू दिलं नव्हतं. तो म्हणाला, "आठ दिवस गाडी ठेव माझ्याकडे. मग जा कुठं जायचं ते."

त्या आठ दिवसांत त्याने इंजेक्टर साफ केले, पंप नव्याने लावला, टायरमध्ये हवा चढवली. साडेदहापर्यंत आकडा गेला. साडेदहावर जावई थांबणार नव्हता. मग त्याने मागच्या ॲक्सलमधली क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी दातेरी चक्रांची जोडी, काढली आणि भंगारातून आणलेली, वेगळ्या दातांची बसवली. आधी चाकाच्या एका फेऱ्याला इंजिन चार वेळा फिरायचं, आता साडेतीनच्या आत भागत होतं. सपाट रस्त्यावर बारा मिळाले.

उतारावर काय होणार, हे त्याला कळत होतं. घाटात गाडीला इंजिनच मागून धरून ठेवतं, आणि आता ते पूर्वीइतकं धरणार नव्हतं. ज्या उताराला तिसरा गिअर पुरायचा, तिथे दुसरा लागणार होता. एवढं एकच वाक्य जावयाला सांगायचं होतं. पण ते सांगितलं असतं तर 'का' आलं असतं, आणि का सांगितलं असतं तर चार दिवसांत उथायची पाटी आली असती. त्याने जाड ब्रेक लायनर बसवले आणि मनाची समजूत घातली.

"काय जादू केलीत, बाबा?" खमरोनने विचारलं.

बुनथोमने माळेकडे बोट दाखवलं.

तैवान मागे पडलं. खमरोनने आनंदाने लोखंडी जाळी वर वाढवून घेतली आणि शंभरेक गड्डे जास्त भरू लागला. लामयाय बाळासाठी झोळी शिवायला बसली. माथ्यावरच्या हमोंग या डोंगरी लोकांच्या वस्तीतला चोंगये बारा किलोमीटरची गोष्ट ऐकून आपली गाडी घेऊन आला. बुनथोमने त्याचीही क्राऊन-पिनियन बदलली आणि त्यालाही माळच दाखवली. चोंगये रिकामी गाडी घेऊन वर गेला, कोबी काढायला.

पाचव्या खेपेनंतर खमरोन आला तेव्हा गाडीच्या मागच्या चाकांना जळका वास येत होता.

"बाबा, ब्रेक फार तापतायत. ठाण्यापाशी येईपर्यंत पाय खाली जातो."

तेव्हा सांगता आलं असतं. लामयायही तिथेच होती. बुनथोमने चाकाला हात लावला, चटका बसला, आणि तो म्हणाला, "नवे लायनर आहेत. बसायला वेळ लागतो."

नवव्या खेपेला, दुपारी दोनच्या सुमाराला, वरून घोगरा हॉर्न आला. एक. बुनथोम दुसऱ्याची वाट बघत राहिला, पण पहिलाच संपेना. तो हॉर्न लांबत लांबत खाली येत होता. बुनथोम पाना टाकून रस्त्यावर धावला. मग आवाज झाला, आणि हॉर्न त्यानंतरही बराच वेळ वाजत होता. कोबीचे गड्डे उतारावरून गडगडत गॅरेजच्या गटारापर्यंत आले.

पोलिसांनी लिहून घेतलं, गाडीत माल जास्त, वेग जास्त. बुनथोमने त्यावर मान डोलावली.

तीन दिवस खमरोनचं प्रेत घरात होतं. चौथ्या दिवशी चितेवर प्रत्येकाने चंदनाचं फूल ठेवून त्याची माफी मागायची, अशी तिथली रीत. लोक येत होते, उदबत्ती लावत होते, खनोम चीनच्या शेवया खात होते आणि हळूच म्हणत होते, पोरगा तापटच होता, बेफाम हाकायचा. लामयाय पोटावर हात ठेवून शवपेटीशेजारी बसलेली. दर वेळी ती एकच सांगायची, "तो नेहमीसारखाच तिसऱ्या गिअरात यायचा. बेफाम नव्हता तो." लोक मान डोलवायचे आणि शेवया खायचे.

बुनथोमला चोंगयेची आठवण नव्हती असं नाही. तीन दिवस तो मनाला सांगत होता, चोंगये जपून चालवतो, कोबी काढायला त्याला अजून आठवडा लागेल, भेटला की बाजूला घेऊन सांगू. भित्र्या माणसाला कारणं कधी कमी पडत नाहीत.

तिसऱ्या दुपारी, भिक्षू यायच्या आधी, मांडवात प्रयून नावाचा जाडजूड ड्रायव्हर कमरेला वॉकीटॉकी लावून जेवत होता. घाटातले सगळे ड्रायव्हर त्यावरच बोलतात. त्याच्या कमरेतून चोंगयेचा आवाज आला.

"निघालो रे. माल भरलाय, पण आधी खमरोनदादाला उदबत्ती, मग बाजार. माझ्यासाठी शेवया ठेवा, सगळ्या गिळू नका."

बुनथोमने प्रयूनच्या कमरेचा वॉकीटॉकी अक्षरशः ओढून घेतला.

"चोंगये, मी बुनथोम. गाडी थांबव."

"काका? आता कशी थांबवू, मागे दोन गाड्या आहेत. उतार लागला."

"कुठला गिअर?"

"तिसरा. नेहमीचा."

"ब्रेक थंड आहेत तोवर वेग कमी कर आणि दुसऱ्यात घे. मग पहिल्यात. खाली येईपर्यंत पहिला सोडू नकोस."

"पहिल्यात? काका, मी पोचेपर्यंत तुमचा भिक्षू म्हातारा होईल." तो हसला. "घाबरू नका हो. खमरोनदादा बेफाम हाकायचा. मी नाही तसा."

मांडवात सगळ्यांनी ते ऐकलं. लामयायने मान वर केली.

आणखी एखादी थाप मारता आली असती. बुनथोमच्या तोंडाशी ती आलीही होती, आणि चोंगयेने ती हसण्यावारी नेली असती. त्याने पुन्हा बटण दाबलं.

"तुझ्या मागच्या ॲक्सलमधली क्राऊन-पिनियन मी बदललीय," तो म्हणाला. "खमरोनचीही बदलली होती. त्याला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. तिसरा गिअर आता गाडी धरत नाही, पोरा. तो बेफाम नव्हता. आता तरी दुसऱ्यात घे."

पलीकडून इंजिनाचा चढलेला आवाज आला, आणि चोंगये, हसू गेलेल्या आवाजात, "घेतला."

प्रयूनचा घास हातातच राहिला. उथाय मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, त्यानेही मान खाली घातली. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. बुनथोम वॉकीटॉकी धरून तसाच उभा होता. त्याला बसावंसं वाटत होतं, पण त्या घरात कुठे बसावं ते त्याला कळेना.

लामयाय उठून त्याच्यासमोर आली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"ब्रेक जळतात म्हणून तो विचारायला आला होता, तेव्हाही?"

"तेव्हाही."

वळणावर हॉर्न वाजला. एक. दोन. सगळा मांडव श्वास धरून होता. तिसरा आला आणि बायका रडू लागल्या. लामयाय रडली नाही. तिने तिन्ही हॉर्न ऐकून घेतले.

"उद्या चितेवर चंदनाचं फूल तुम्ही ठेवू नका, बाबा," ती म्हणाली, आणि चोंगयेसाठी शेवया वाढायला आत गेली.