पुढच्या चाकाचे छर्रे

सिस्टरच्या सायकलचं पुढचं चाक कुरकुरायला लागलं त्याला पंधरा दिवस होऊन गेले होते, पण तिने तिकडे काणाडोळा केला होता. काणाडोळा करण्यासारख्या गोष्टींची त्या दिवसांत घरात रांगच लागली होती. मोरीतला नळ ठिबकत होता, बाहेरच्या दाराची कडी उचलून धरल्याशिवाय बसत नव्हती, पंखा फिरायला लागण्याआधी बराच वेळ विचार करायचा. सात महिन्यांपूर्वी असलं काही या घरात दुसऱ्या दिवसाची सकाळ बघत नसे. तिचा नवरा फिटर होता. सूतगिरणीत बत्तीस वर्षं फिटर आणि निवृत्त झाल्यावरही फिटरच. गल्लीत दुसऱ्या नावाने त्याला कोणी हाकच मारत नसे. ती दवाखान्यात लस टोचायच्या खोलीत, म्हणून ती सिस्टर. लग्नात कोणीतरी म्हणालं होतं की एक माणसं दुरुस्त करणार आणि एक यंत्रं, यांच्या घरात बिघडायला उरणार काय.

मग एका सकाळी दाढी करता करता फिटरच्या हातातला ब्रश गळून पडला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. पाय चार महिन्यांत बऱ्यापैकी परत आला. हाताची बोटं एखादी वस्तू घट्ट धरून ठेवायची, पण तिला फिरवणं-वळवणं त्यांना जमत नव्हतं. बोलण्याची तऱ्हा तर आणखीच वेगळी. ‘अगं’, ‘नाही’, ‘तसं नाही’, ‘बरं’ एवढे शब्द न बोलावता यायचे. बाकीचे यायचे ते वेश बदलून. चष्मा हवा असला की तोंडातून ‘खिडकी’ निघायचं, पाण्याऐवजी ‘पत्र’. आणि शब्द चुकला हे त्याला त्याच क्षणी कळायचं. चेहरा पडायचा. हळूहळू त्याने बोलायचंच सोडून दिलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी बोलणं शिकवायला एक तरुण मॅडम घरी यायची. मोठी गोड मुलगी. ती चित्रांचे पत्ते काढून एकेक त्याच्यासमोर धरायची. सफरचंद. मांजर. छत्री. “काका, हे काय आहे सांगा बरं?” ज्या माणसाने नुसत्या आवाजावरून यंत्राचं दुखणं ओळखलं, त्याच्यापुढे मांजर. फिटर भिंतीकडे तोंड फिरवून बसायचा. मांजर म्हणजे काय ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

त्या रविवारी जेवणं झाल्यावर सिस्टरने सायकल काढली. कोपऱ्यावरच्या दुकानात टाकून येऊ, असा तिचा विचार. दारापर्यंत पोचली नाही तोच फिटरने मागून सीट धरली.

“अहो, सोडा. तासाभराचं काम आहे, लगेच येते.”

“नाही.”

“नाही काय? मग उद्यापासून मी चालत जाऊ?”

“नाही. तसं नाही.”

“तसं नाही तर कसं?” तिचा आवाज जरा चढलाच. रोज दवाखान्यात दोनशे पोरांची रडारड, घरी आल्यावर औषधं, व्यायाम, स्वयंपाक. एक रविवार मिळतो, त्यातही ओढाताण. “दुकानातल्या माणसाने हात लावला तर काय सायकल विटाळेल?”

फिटरने सीट सोडली आणि डाव्या हाताने खूण केली, हँडल उचल. तिने उचललं. पुढचं चाक अधांतरी झालं तसा त्याने ते जोरात फिरवलं, तिचा एक हात मनगटाला धरून हँडलच्या मधोमध ठेवला आणि दाबून धरला. तिच्या तळव्याखाली बारीक थरथर चालली होती, कोणीतरी आत वाळू भरडत असावं तशी. आयुष्यभर तिने लोकांच्या नाड्या धरल्या होत्या. हे काहीतरी आजारी आहे, एवढं तिला सांगावं लागलं नाही.

त्याने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं, मग तिच्याकडे दाखवलं, मग जमिनीकडे.

“अगं,” तो म्हणाला.

“मी करू? मला काय कळतंय त्यातलं?”

त्याने पलंगाखालची हत्यारांची पेटी पायाने ओढून बाहेर काढली.

पेटी सात महिने उघडली नव्हती. वरच्या कप्प्यात पाने मापाप्रमाणे ओळीत लावलेले होते. त्याखाली ग्रीसचा डबा आणि त्याच्या शेजारी एक छोटी पत्र्याची डबी, वर चिकटपट्टी. चिकटपट्टीवर फिटरचं ते ठसठशीत, उजव्या हाताचं अक्षर होतं: ‘हिची सायकल. पुढचं चाक. घाईघाईत करणे नाही, नीट करणे.’ आत कागदाच्या पुडीत वीस नवे छर्रे, चाक ज्यांवर फिरतं त्या पोलादी गोळ्या, आणि एक नवा कोन. म्हणजे चाकाचं दुखणं त्याला तेव्हाच कळलं होतं. सामान आणून ठेवलं होतं, आणि करायचं राहून गेलं होतं.

सिस्टरने ती ओळ दोनदा वाचली. मग पदर खोचला आणि जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली.

सायकल सीटवर उलटी उभी केली, चाकाच्या दोन्ही बाजूंचे नट सैल केले, चाक निघालं. इथवर सोपं होतं. पुढे मात्र दोन पाने लागत होते. एका पान्याने आतला कोन धरून ठेवायचा, दुसऱ्याने वरचा नट फिरवायचा. कोन म्हणजे निमुळत्या तोंडाची फिरकी, तिच्याच कडेवर छर्रे पळतात. सिस्टरने कुठला पाना उचलावा हे फिटर नजरेने सांगायचा. तिचा हात चुकीच्या पान्याकडे गेला की भुवई वर जायची. बरोबर गेला की “बरं.” अधूनमधून त्याच्या तोंडून ‘चमचा’ निघायचं, एकदा ‘टोपी’ निघालं, पण दोघांच्या मध्ये वस्तूच पडलेली असल्यामुळे कशाला काय म्हटलं याने काही अडत नव्हतं. तिने चमच्याला पाना म्हटलं आणि काम पुढे गेलं.

आस बाहेर ओढला तसे काळ्या ग्रीसमध्ये माखलेले जुने छर्रे कागदावर सांडले. झिजून झिजून त्यांची चमक गेली होती. रॉकेलच्या फडक्याने तिने चाकाच्या मधल्या हबच्या आतल्या वाट्या पुसल्या. जखम साफ करायची सवय होती, तिने घाई केली नाही. फिटरने एक कोन हातात घेऊन अंगठ्याचं नख त्याच्या कडेवरून फिरवलं आणि मान हलवली: ठीक आहे. दुसऱ्यावर नख अडकलं. मग तिलाही तिचं नख फिरवायला लावलं. बारीकसा खड्डा होता. वाळू भरडल्याचा आवाज इथूनच येत होता; तो कोन बाजूला गेला आणि डबीतला नवा पुढे आला.

नव्या ग्रीसने वाट्या भरून तिने पुडी उघडली. चिमट्याने एकेक छर्रा उचलून ग्रीसमध्ये दाबायचा, गोलाकार, शेजारी शेजारी. ती सवयीने मोठ्याने मोजू लागली.

“एक. दोन. तीन...”

“चार,” फिटर म्हणाला.

तिचा चिमटा हवेतच थांबला. तिने वर बघितलं नाही. बघितलं तर उडून जाईल, असं काहीतरी तिला वाटलं. तिने चौथा छर्रा बसवला.

“पाच,” तो म्हणाला. “सहा. सात. आठ. नऊ. दहा.”

एकही शब्द वाकडा पडला नाही. स्वच्छ, गिरणीतल्या माणसासारखा आवाज. दहाव्यानंतर त्याचा स्वतःचाच विश्वास बसला नाही. तो आपल्या गुडघ्याकडे बघत बसला. सिस्टरने ग्रीसच्या हातानेच त्याचा हात धरला.

“आता दुसरी बाजू,” थोड्या वेळाने ती म्हणाली. “मोजा तुम्ही. माझं लक्ष राहत नाही.”

तो मोजत होता, ती बसवत होती, आणि एवढ्यात वरच्या मजल्यावरची नणंद आत आली. फिटरहून सहा वर्षांनी मोठी, आणि हे ती कोणाला विसरू देत नसे.

“हे घर आहे की वर्कशॉप?” दारातूनच तिने सुरुवात केली. “अगं, आजारी माणसाला कुठे रॉकेलच्या वासात बसवतेस? आणि बाईमाणसाने हे...”

“आठ,” फिटर तिच्याकडे न बघता म्हणाला.

काय बोलायला आली होती तेच नणंद विसरली. कागदाच्या कडेने जपून पाऊल टाकत ती जवळ आली, भावाच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळे पुसले, “चालू दे, चालू दे” म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

“नऊ,” फिटर म्हणाला. आणि पुढे बोलेना. पुडी रिकामी होती.

दोघांनी कागद झटकले. पलंगाखाली बघितलं, सिस्टरने केरसुणीने कोपरे काढले, लुगड्याच्या निऱ्यासुद्धा झटकल्या. एकोणीसच. फिटरचा चेहरा पुन्हा पडायला लागला तेवढ्यात जिन्यावरून नणंदेचा आवाज आला.

“अगं, तुमच्याकडून काय लावून आले मी? टाचेत खडा टोचतोय.”

सिस्टर जिन्याकडे धावली. नणंद कठड्याला धरून एका पायावर उभी होती आणि तिच्या टाचेला ग्रीससकट विसावा छर्रा चिकटला होता. सिस्टरने तो चिमट्याने काढला तेव्हा फिटर दारात येऊन उभा होता. तो हसत होता. आवाज न करता, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. नणंदेने आधी रागावून बघितलं, मग तीही हसायला लागली.

“दहा,” तो म्हणाला.

खरी कसोटी पुढे होती. कोन जास्त आवळला तर चाक जड फिरतं, सैल राहिला तर डुगडुगतं. सिस्टरने चाक पुन्हा सायकलला बसवलं, फिरवलं. फिटरने डावा हात आसाजवळ ठेवला. “नाही.” घट्ट. पुन्हा सैल केलं. आता रिम बोटाने ढकलली की खटखट वाजत होती. “नाही.” तिसऱ्यांदा कोन बरोबर जागी आला, पण वरचा नट आवळायला गेली की कोनही त्याच्याबरोबर फिरायचा. तिचे दोन्ही हात गुंतलेले, आणि कुठलाच धड जोर लागत नव्हता.

“मला नाही जमत हो,” ती कपाळावरचा घाम मनगटाने पुसत म्हणाली.

फिटर सरकत तिच्या शेजारी आला. उजवा हात डाव्या हाताने उचलून त्याने कोनाच्या पान्यावर ठेवला आणि एकेक बोट त्याभोवती मिटवलं. ती बोटं फिरवू शकत नव्हती. पण इथे फिरवायचं नव्हतंच. इथे फक्त हलू द्यायचं नव्हतं.

“अगं,” तो म्हणाला.

तिने नट आवळला. त्याच्या दंडाची शीर ताठ झाली, पण पाना जागचा हलला नाही.

मग दोघं बाजूला झाली. चाक अगदी हळू, आपोआप फिरलं, हवा भरायचा व्हॉल्व्ह आपल्या वजनाने खालच्या बाजूला आला, थोडा पलीकडे गेला, परत आला आणि थांबला. फिटरने रिमला बोट लावलं. खटखट नाही.

“बरं,” तो म्हणाला. तिला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या वरिष्ठाने दिली नसेल अशी शाबासकी त्या शब्दात होती.

मंगळवारी मॅडम आली तेव्हा सिस्टरने दवाखान्यात जायच्या गडबडीत तिला सगळं सांगितलं. मॅडम लक्ष देऊन ऐकत होती.

“आकडे, वार, महिने, असं ओळीने पाठ असलेलं पुष्कळदा शाबूत राहतं, काकू. पण ते वापरायची वेळ यावी लागते.” तिने पत्त्यांचा गठ्ठा पिशवीतून काढला आणि पुन्हा आत टाकला. “काका, मागच्या चाकाचं काय?”

फिटरने तिच्याकडे बघितलं. मग पेटीकडे.

“आज मी चालतच जाते तर,” सिस्टर म्हणाली आणि सायकल घरीच ठेवली.

दुपारी ती परत आली तेव्हा दाराबाहेरूनच आवाज ऐकू आला. “तसं नाही. तसं नाही.” आणि मॅडमचं हसू. ती अजून गेली नव्हती. सिस्टर चपला न काढता उंबऱ्यापाशी थांबली. आत वर्तमानपत्रं पसरली होती, मॅडम मांडी घालून बसली होती, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“इकडेही दहाच ना, काका?” पेटीतून काढलेला छर्रा चिमट्यात धरून ती विचारत होती.

“नऊ.” फिटरने मान हलवली. शब्द शोधत राहिला. मॅडमने घाई केली नाही, सुचवलंही नाही. “मागे... नऊ. मोठे.”

सिस्टरने पिशवी आवाज न करता खाली ठेवली. कोणी विचारलं नव्हतं असं काहीतरी त्याने आपण होऊन सांगितलं होतं. मोठे. मागचे छर्रे मोठे असतात हे तिलाही ठाऊक नव्हतं.

चाक बसलं, आणि मॅडमने हात समोर धरून बघितले. कोपरापर्यंत काळे झाले होते.

“साखर,” फिटर म्हणाला.

“साबण म्हणायचंय त्यांना,” सिस्टर आत येत म्हणाली. सात महिन्यांत शब्द उलटे करून वाचायची तिला सवय झाली होती. “थांब हं, देते.”

“नाही.” तो भिंतीला धरून उठला. “साखर.”

“अहो, साबण...”

“साखर,” तो ठासून म्हणाला आणि पाय ओढत स्वयंपाकघरात गेला. डबे वाजले. साखरेचा डबा काखेत आणि तेलाची बाटली डाव्या हातात घेऊन तो परत आला. मॅडमच्या ओंजळीत त्याने थोडं तेल ओतलं, वर मूठभर साखर टाकली आणि हात चोळायची खूण केली. गिरणीतून घरी यायच्या आधी तो असेच हात धूत असे. घरी स्वच्छ हातांनीच यायचा, म्हणून सिस्टरला हे कधी कळलंच नव्हतं.

मॅडमने चोळलं. काळं ग्रीस सुटून साखरेत उतरायला लागलं, खालून गुलाबी तळवे दिसू लागले.

“काका, हे तर जादूसारखं आहे.”

“बरं,” फिटर म्हणाला आणि स्वतःचेही हात पुढे केले. सिस्टरने मोरीतून तांब्या भरून आणला आणि दोघांच्या हातांवर बारीक धारेने पाणी ओतत राहिली.