तुरटीचा खडा

दोन महिन्यांपूर्वी दुकानाच्या पायरीवरचं कुत्र्याचं पिल्लू धाकट्या भावाच्या बोटाला चावलं. मीच जखमेवर तुरटीचा खडा फिरवला. वस्तरा लागला की आम्ही न्हावी दुसरं काय करतो?

"दादा, डॉक्टरकडे जाऊन येऊ का?" त्याने विचारलं होतं.

"गिऱ्हाईक खोळंबलंय," मी खेकसलो. "एवढ्याशा ओरखड्याचं काय घेऊन बसलास!"

आठवड्याभरात पिल्लू दिसेनासं झालं. मला हायसंच वाटलं.

काल धाकट्याच्या त्याच बोटाला मुंग्या येत होत्या. आज सकाळी जनावरांचे डॉक्टर केस कापायला बसले. उकडत होतं म्हणून मी पंखा लावला, तर वारा तोंडावर येताच धाकटा दचकून भिंतीला चिकटला.

"नाटकं पुरे. केस ओले कर," मी ओरडलो.

त्याने पाण्याची बाटली उचलून एक फवारा मारला आणि त्याचाच गळा आवळला गेला. बाटली खाली पडली. त्याला स्वतःची लाळही गिळवेना.

डॉक्टर आरशातून पाहत होते. त्यांनी अगदी हळू विचारलं, "तुला कुत्रं चावलं होतं का?"

"हो," धाकटा कसाबसा म्हणाला, "पण दादाने लगेच तुरटी लावली होती."