मुरायला ठेवलेली पेटी

सेव्हेरो माझा मेहुणा, माझ्या बायकोचा, अम्पारोचा थोरला भाऊ. त्याने ती पेटी माझ्या हातात दिली तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता आणि क्यूबातून तंबाखू येणं बंद होऊन वर्ष उलटलं होतं. फ्लोरिडात, वेस्ट टॅम्पातल्या ज्या सिगार-कारखान्यात तो कामाला होता तिथे जुन्या गासड्या होत्या तोवर काम चाललं. शेवटची गासडी फोडली त्या दिवशी मुकादमाने जुन्या माणसांना सांगितलं की आज पंचवीस-पंचवीस सिगारी स्वतःसाठी वळा. सेव्हेरोने वळल्या, देवदाराच्या पेटीत भरल्या आणि संध्याकाळी थेट आमच्या घरी आला.

त्याच्याकडे राहिल्या तर आठवड्यात संपतील, असं तो म्हणाला. ते खरंच होतं. सिगारी वळणारी माणसं सिगारी साठवत नाहीत. कारखान्यातून रोज हक्काच्या दोन-तीन घरी आणायच्या आणि ताज्या, ओलसर असतानाच ओढून टाकायच्या, हीच त्यांची रीत. वर्षानुवर्षं मुरवून ओढणं हा विकत घेणाऱ्यांचा शौक.

"तुझ्याकडे पुस्तकं टिकतात, तशा ह्याही टिकतील," सेव्हेरो म्हणाला. "मी ऐंशीचा झालो की काढू."

मी विचारलं, "आणि नाही झालास तर?"

"तर तू ओढ. पण ओढताना थोडा रड."

मी एकतीस वर्षं इथल्या एका स्पॅनिश वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधणं एवढंच मला येतं, आणि त्यामुळे स्वतःच्या हातून काही नीट होईल यावर माझा कधी विश्वास बसला नाही. सेव्हेरो मला मास्तर म्हणतो. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही, पण चष्मा आहे, तेवढं त्याला पुरतं. अशा माणसाने ती पेटी घ्यायला नको होती. मी घेतली, कारण नाही कसं म्हणायचं ते मला सुचलं नाही.

मग सिगारी कशा टिकवायच्या ते मी वाचायला लागलो. पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला, कारण त्या भिंतीवर ऊन येत नाही. शेजारी पाण्याची बशी ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हात धुऊन, पुसून मी पेटी उघडायचो आणि खालचा थर वर, वरचा थर खाली करायचो. एकदा अम्पारोने त्याच कप्प्यात जिऱ्याचा डबा ठेवला. तंबाखू शेजारचा वास उचलते. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. ती म्हणते की तिला ते कळलंच नाही, कारण मी एरवीही बोलत नाही.

सोळा वर्षं अशी गेली. सेव्हेरो मध्ये आणखी एका कारखान्यात लागला, तिथून बहात्तराव्या वर्षी घरी बसला. बोटांचे सांधे धरले होते. त्या पंचवीस सोडल्या तर त्याने वळलेली एकही सिगार आता जगात नव्हती, बाकी सगळ्यांचा धूर झाला होता. रविवारी जेवायला आला की तो कपाटाकडे बोट दाखवून विचारायचा, "मास्तर, मुली कशा आहेत?" मी म्हणायचो, झोपल्यात.

गेल्या मे महिन्यात आमच्या मुलीने मायामीहून माणूस पाठवून पुस्तकांच्या खोलीत एअर कंडिशनर बसवून दिला. मला उकाड्याचा त्रास होतो म्हणून. मला मात्र त्या यंत्राने झोप लागेना. ते हवेतला ओलावा शोषतं असं मी वाचलं होतं. सिगारी सुकून तडकतील या भीतीने मी बशी मोठी केली, मग पेटीला टेकवून ठेवली, आणि शेवटी पाण्याची एक लहान वाटी भरून पेटीच्या आतच कोपऱ्यात ठेवली. इतकी वर्षं काही बिघडलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

सेव्हेरोच्या ऐंशीव्या वाढदिवसाला दहा दिवस होते. पेटी उघडली तर सिगारींवर पांढरं दिसलं.

जुन्या सिगारीतलं तेल हळूहळू वर येतं आणि तिच्यावर पांढरट झाक धरते. ती चांगली खूण. बुरशीही पांढरीच असते. एक पुस्तक म्हणत होतं की झाक सारखी पसरलेली असते, दुसरं म्हणत होतं की नेहमीच असं नसतं. मी मुद्रितं तपासायचं जुनं भिंग काढलं. पहिल्या संध्याकाळी मला ती झाक वाटली. सकाळी बुरशी वाटली. तिसऱ्या दिवशी एकाच सिगारीवर मला दोन्ही दिसायला लागलं.

विचारायचं कुणाला? आमच्या गल्लीत निम्म्या माणसांची बोटं तंबाखूने पिवळी झालेली. कुणालाही विचारलं असतं तरी मी घरी पोचायच्या आत सेव्हेरोला कॅफेत, कॉफीच्या कपाबरोबर ती बातमी मिळाली असती. दुसऱ्या पंचवीस आणून पेटीत भराव्यात असंही मनात आलं, हे लपवत नाही. पण वळणाऱ्याला स्वतःचा हात ओळखता येतो. सिगारीच्या तोंडावर पानाची जी लहान टोपी बसवतात ती प्रत्येकाची वेगळी असते. सेव्हेरोने एकदा न्हाव्याच्या दुकानात एका परक्या माणसाच्या ओठातली सिगार बघून सांगितलं होतं की ही मी वळलेली, आणि वळली त्या दिवशी माझी दाढ दुखत होती.

सहाव्या दिवशी मी भिंग घेऊन जमिनीवर बसलेलो असताना अम्पारो आत आली. तिने विचारलं, आणि मी सगळं सांगितलं.

आता हे लिहिताना लाज वाटते, पण लिहायला हवं. अम्पारोने बावीस वर्षं त्याच कारखान्यात तंबाखूच्या पानांच्या शिरा काढल्या होत्या. लाखो पानं तिच्या हातांखालून गेली असतील. मी दोन पुस्तकं आणि एक भिंग घेऊन सहा दिवस बसलो होतो आणि ती शेजारच्या खोलीत वाटाण्याच्या शेंगा सोलत होती.

तिने भिंग माझ्या हातातून काढून घेतलं. पेटी खिडकीशी नेली, एकेक सिगार नाकाशी धरली आणि बाजूला ठेवत गेली. पत्ते वाटावेत तसं ते दिसत होतं. शेवटी तिने तीन वेगळ्या काढल्या. वाटीला लागून होत्या त्याच.

"ह्या तीन ओल्या पोत्यासारख्या वास मारतात. बाकीच्या छान आहेत," ती म्हणाली. "तुला नाक दिलंय देवाने. ते फक्त चष्मा ठेवायला नाही."

मी म्हणालो, वाढदिवस होऊ दे, मग त्याला सांगू. ती म्हणाली, तुला हवं तेव्हा सांग, पण त्याने मला विचारलं तर मी भावाशी खोटं बोलणार नाही.

तीन म्हणजे काही फार नाही, असं कुणी म्हणेल. मीही स्वतःला तेच सांगत होतो. पण त्याने माझ्याकडे दुसरं काही कधी मागितलं नव्हतं.

रविवारी दुपारी अंगणात आव्होकाडोच्या झाडाखाली टेबल मांडलं. डुकराचं भाजलेलं मांस, काळ्या घेवड्याचा भात, लसूण घालून उकडलेला युकाचा कंद. सेव्हेरो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. जेवण झालं, कॉफी झाली, आणि मी पेटी आणून त्याच्यापुढे ठेवली. त्या तीन सिगारी मी रुमालात गुंडाळून वर ठेवल्या होत्या. काय बोलायचं ते मी आदल्या दिवशी कागदावर लिहून तीनदा सुधारलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवलं नाही.

"तीन खराब झाल्या," मी म्हणालो. "माझ्यामुळे. मी पाणी आत ठेवलं."

सेव्हेरोने रुमाल सोडला. एक सिगार कानाशी नेऊन बोटांनी दाबली, हुंगली, पेटवायचं टोक डोळ्यांजवळ धरून बघितलं. मग दुसरी. मग तिसरी.

"खराब झाल्या असं कोण म्हणालं?"

मी अम्पारोकडे बघितलं. ती म्हणाली, "वास मारतात असं मी म्हणाले. खराब झाल्यात असं तुझा मास्तर म्हणाला."

"कोट खराब झालाय," सेव्हेरो म्हणाला. "आतला माणूस ठीक आहे."

मग तो बहिणीला म्हणाला, नीव्हेसकडून तीन पानं आण, वरून गुंडाळायची, चांगली. नीव्हेस आमच्या गल्लीच्या टोकाला गॅरेजमध्ये दोन माणसं घेऊन सिगारी वळते. अम्पारो ओल्या फडक्यात पानं घेऊन आली. पान कापायचं पातं आमच्याच स्वयंपाकघरात होतं, सेव्हेरोचं जुनं, बिनमुठीचं. गेली काही वर्षं आमच्याकडे त्या पात्याने कांदा चिरला जातो. ते बघून त्याने बहिणीला एक शिवी दिली, पातं पँटवर पुसलं आणि माझ्याकडून पाव कापायची फळी मागून घेतली.

बुरशीचं पान त्याने तिन्हींवरून अलगद उलगडून काढलं. आतली सिगार कोरडी, तपकिरी, स्वच्छ होती. त्याने ती अम्पारोच्या नाकाशी धरली. तिने मान डोलावली.

पहिलं पान फाटलं. बोटं वळत नव्हती. उरलेला तुकडा सरळ करून त्याने पुन्हा लावला, तर मध्येच सुरकुती पडली, आणि टोपी एका बाजूला कलली. मी म्हणालो, राहू दे, सांधे दुखतील. त्याने डोकंही वर केलं नाही.

"एक पेटव आणि माझ्या तोंडात दे," तो म्हणाला. "आणि गप्प बस. काम करताना मला धूर लागतो."

चांगल्या बावीसांतली एक मी निवडली, टोक कापलं, पेटवून त्याच्या ओठांत ठेवली. तो दुसरं पान फळीवर पसरत होता. दोन झुरके घेतले आणि थांबला. सोळा वर्षांची सिगार त्याने जन्मात कधी ओढली नव्हती.

"ही माझी वाटत नाही."

"वाईट आहे?"

"फार सभ्य झालीय." त्याने आणखी एक झुरका घेतला. "माझ्याकडून गेली तेव्हा शिव्या द्यायची. तुझ्या पुस्तकांत राहून बिघडली."

अम्पारो हसायला लागली. मला काय समजावं ते कळेना. मी पुन्हा विचारलं की वाईट आहे का.

"वाईट नाही रे," तो म्हणाला. "नव्याने ओळख करून घ्यावी लागेल. बावीस आहेत, होईल."

दुसरी बरी जमली. पान पोटावरून तिरकं फिरवताना त्याचा अंगठा कुठे थांबतो, कुठे दाबतो, हे मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. कारखान्यात बाहेरच्यांना आत जाऊ देत नसत, आणि घरी तो कधी वळत नसे. तो बोलतही होता, मुकादमाबद्दल, गावाकडच्या तंबाखू वाळवायच्या कोठाराबद्दल, तिथे निजल्यामुळे आईचा मार खाल्ल्याबद्दल. पण हात बोलण्याकडे लक्ष देत नव्हते. अम्पारोने कालवलेली खळ त्याने बोटाच्या टोकाने टोपीला लावली. तिसरी सिगार वळून झाल्यावर त्याने ती उजेडात धरून फिरवली आणि पुन्हा हात न लावता फळीवर ठेवली. म्हणजे ती त्याच्या मनासारखी झाली होती.

आठ वर्षांनी वळल्या, असं अम्पारो हळूच मला म्हणाली. मी म्हणालो, माहीत आहे. तिने माझ्या ताटलीत पेरूचा मुरंबा वाढला, मी मागितला नव्हता तरी.

निघताना सेव्हेरोने तीन सिगारी खिशात टाकल्या, जुन्यांतल्या. आठवडाभराची सोय, म्हणाला. बाकीची पेटी त्याने माझ्याकडे सरकवली. नव्या पानाच्या तीन त्याने वर मांडून ठेवल्या होत्या, वाकड्या टोपीची मधोमध.

"ह्यांचं पान अजून ओलं आहे. मुरायला हव्यात."

"किती दिवस?" मी विचारलं.

"मला काय विचारतोस? मी कधी ठेवल्यात?" त्याने टोपी डोक्यावर घातली. "ते तू ठरव."

मी जरा विचार केला. मला वाटतं, पुस्तकात न बघता मी पहिल्यांदाच काहीतरी सांगितलं.

"दोन वर्षं," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि धूर सोडत घरी गेला.