बिनरेघेचे गुरुदत्त काका

कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये माझी नोकरी म्हणजे चिपच्या नकाशात कुठला बिंदू कुठल्या बिंदूला जोडलाय, हे दिवसभर तपासणं. कशालाच न जोडलेला बिंदू सापडला की तो काढून टाकायचा. तो कोण, कुठून आला, त्याला काय वाटेल, असलं काही विचारायचं नाही. एवढ्या अनुभवावर माझी तिथल्या मराठी मंडळाच्या नाटकाला मदत होईल, असं आमच्या दिग्दर्शिकेला, म्हणजे सुलेखाला वाटलं.

हे सत्त्याऐंशी साली. नाटक त्र्यंबक काकांचं. मंडळाचा नियम असा, की जो मागेल त्याला भूमिका द्यायची. नाहीतर तो रुसतो आणि त्याच्या घरून जेवणाला येणारा पदार्थही रुसतो. त्यामुळे गावातली जवळजवळ सगळी मराठी माणसं स्टेजवर होती. प्रेक्षकांत फक्त भारतातून आलेल्या सासवा आणि सासरे उरणार होते. काकांनी नाटक ऑफिसला जाता-येता गाडीत लिहिलेलं. पहिल्या अंकातली सुनंदा दुसऱ्या अंकात सुमन व्हायची आणि तिसऱ्यात तिचा बाप तिच्याहून लहान निघायचा.

"काका, ही नायिका त्या वकिलाची कोण?" सुलेखाने विचारलं.

"कुठल्या अंकात?" काका म्हणाले.

तेव्हा मी ऑफिसातल्या प्लॉटरवर नाटकाचा नकाशा काढायचं ठरवलं. प्लॉटर म्हणजे पेन धरून कागदावर रेघा मारणारं यंत्र. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे रेघ. पेनं चार रंगांची होती, म्हणून नातीही चारच ठेवली. लाल म्हणजे रक्ताचं, निळं म्हणजे लग्नाचं, हिरवं म्हणजे चोरून प्रेम, काळं म्हणजे वैर. पात्रांची नावं अंकागणिक बदलत होती, म्हणून ठिपक्यांना मी नटांचीच नावं दिली. दीपा, प्रताप, त्र्यंबक, वसुधा. खाली रंगांच्या खुणांचा तक्ता दिला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'संपूर्ण नातेसंबंध, फायनल'.

'नाटक' हा शब्द मी कागदावर कुठेच लिहिला नव्हता. मला तो उघड वाटला.

रिहर्सल आमच्या अपार्टमेंटच्या क्लबहाउसमध्ये व्हायची. शनिवारी कागद भिंतीवर लावला. तो सोफ्याएवढा होता.

"अरे वा," सुलेखा म्हणाली. "आणि हा कोपऱ्यात एकटा ठिपका कोण?"

"गुरुदत्त काका."

गुरुदत्त काका मंडळात वर्षानुवर्षं पडदा ओढायचे. यंदा पहिल्यांदा त्यांनी भूमिका मागितली आणि मिळाली. दुसऱ्या अंकात रस्त्याने जाताना त्यांनी विचारायचं, "किती वाजले हो?" कुणी उत्तर द्यायचं नाही. मग जायचं. ते त्याची तयारी सगळीकडे करायचे, ऑफिसात, किराणा दुकानात, माझ्या गाडीतसुद्धा. एकदा मी चुकून "साडेआठ" म्हणालो तर रागावले. "उत्तर नाही द्यायचं रे! दुर्लक्ष करायचं. मला ते सोसून दाखवायचंय."

"याचा कुणाशीच संबंध नाही," सुलेखा म्हणाली. "नाटक आधीच लांबलंय. कट करू या."

काका मागेच उभे होते. त्यांनी जाऊन पडद्याची दोरी हातात घेतली आणि तिची गाठ तपासू लागले. गाठ ठीक होती. तरी तपासत राहिले.

मला वाईट वाटलं. म्हणून मी कागद लगेच काढला नाही, असं म्हणता येईल. खरं म्हणजे टेप चांगली चिकटली होती.

रविवारी त्याच क्लबहाउसमध्ये चैत्रातलं हळदीकुंकू होतं. कैरीच्या डाळीत कैरीऐवजी हिरवं सफरचंद होतं, त्यामुळे बायका आधीच जरा सावध होत्या. त्यात दीपाच्या सासूबाई नुकत्याच साताऱ्याहून आलेल्या. पन्ह्याचा पेला घेऊन त्या भिंतीपाशी गेल्या आणि वाचू लागल्या.

मी त्या वेळी खुर्च्या लावत होतो.

"दीपा," त्या म्हणाल्या, "प्रताप तुझा नवरा ना?"

"हो आई. असं काय विचारता?"

"इथे लाल रेघ आहे. म्हणजे माझा मुलगा तुझा बाप आहे."

"आई, ते..."

"आणि हा त्र्यंबक कोण? तुझं त्याच्यावर चोरून प्रेम आहे म्हणे. याच्यावर 'फायनल' लिहिलंय."

त्र्यंबक काका पन्नाशीचे. नाटक त्यांचं असल्यामुळे नायिकेचा, म्हणजे दीपाचा, कॉलेजकुमार प्रियकरही तेच होते. त्या दिवशी ते जुन्या टी-शर्टात बर्फाची पेटी उचलून आत आले आणि सासूबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग त्या नुसत्या "याच्यावर?" म्हणाल्या. काका आजही म्हणतात, की त्या एका शब्दाएवढी कडक समीक्षा त्यांच्यावर कुणी केली नाही.

दीपा समजावायला लागली. तोवर भिंतीपाशी गर्दी झाली होती. कुणी स्वतःचं वैर शोधत होतं, कुणी दुसऱ्याचं. एकीला तिची काळी रेघ अगदी बरोबर वाटली. मी "अहो, हे नाटकातलं आहे" असं ओरडलो, पण मंडळात वाद झाला की दर वेळी कुणीतरी हेच ओरडतं.

तेवढ्यात वसुधा काकू पुढे आल्या. गुरुदत्त काकांच्या बायको. नाटकात त्या सगळ्यांना छळणारी विधवा जमीनदारीण होत्या आणि रिहर्सलनंतरही तशाच राहायच्या. त्यांनी कोपऱ्यातला एकटा ठिपका पाहिला.

"हे काय? आमच्या ह्यांना एकही रेघ नाही?"

"काकू, ते पात्र..."

"एवढा संसार केला मी. न्यू जर्सीच्या बर्फात केला, इथे केला. आणि रेघ नाही?"

त्यांच्या हातात कुंकवाचा करंडा होता. त्यात बोट बुडवून त्यांनी गुरुदत्त काकांच्या ठिपक्यापासून स्वतःच्या ठिपक्यापर्यंत, मधल्या सगळ्या भानगडी ओलांडून, सरळ रेघ ओढली.

संध्याकाळी सुलेखा आणि त्र्यंबक काका कागदासमोर उभे राहिले.

"जोडलं गेलं," सुलेखा म्हणाली. "आता कट नाही करता येणार."

"पण रेघ लाल आहे," काका चष्मा पुसत म्हणाले. "लाल म्हणजे रक्ताचं. म्हणजे हा तिचा लहानपणी हरवलेला भाऊ! अरे, नाटकात हेच कमी होतं!"

"काका, ते कुंकू आहे," मी म्हणालो.

"प्रसन्न, खुणांचा तक्ता तूच केलास ना? मग पाळ."

अशा रीतीने गुरुदत्त काकांना भूमिका परत मिळाली. आता त्यांनी दुसऱ्या अंकात यायचं, जमीनदारणीला ओळखायचं आणि टाहो फोडायचा, "ताई!" रिहर्सलला त्यांच्या तोंडून तो शब्द निघेना. 'ता' पर्यंत जायचे आणि खोकायचे. काकू वरून दम द्यायच्या, "म्हणून तर बघा!"

"काका, जमेल ना? नाहीतर खरंच कट करावं लागेल," सुलेखा म्हणाली.

"जमेल, जमेल," काका म्हणाले. त्यांच्या जागी पडद्याची दोरी माझ्याकडे आली होती, शिक्षा म्हणून.

प्रयोगाच्या दिवशी हॉल सासवांनी भरला होता. दुसऱ्या अंकात काका आले. फेटा, घोंगडी, पायात ऑफिसचे बूट. काकू समोर उभ्या. काकांनी हात पसरले.

"ता..." काका म्हणाले.

विंगेतून सुलेखाने ओठ हलवून दाखवलं, 'ई'.

काकांनी बायकोकडे पाहिलं. घाम पुसला. मग खणखणीत आवाजात, हॉलच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले,

"किती वाजले हो?"

नियमाप्रमाणे सगळ्यांनी दुर्लक्ष केलं. काका ते सोसत उभे राहिले आणि खरंच फार छान सोसलं त्यांनी. पुढच्या रांगेतल्या एक आजी डोळे पुसू लागल्या.

मग वसुधा काकूंनी कमरेवरचा हात काढला आणि मनगटावरचं घड्याळ पाहिलं. जमीनदारणीचं ते घड्याळ आम्ही काढायला विसरलो होतो.

"सव्वाचार," त्या म्हणाल्या. "चला, चहा टाकते."

दोघं माझ्या बाजूने आत आले. काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. दोरी माझ्या हातात होती, पण त्यांनी सवयीने तीही धरली.

"ओढ," ते म्हणाले.

"काका, अजून दीड अंक आहे."

"ओढ रे."

आम्ही दोघांनी मिळून ओढली. टाळ्या थांबेनात. त्र्यंबक काका आत तिसऱ्या अंकाची मिशी चिकटवत होते. ती अर्धी तशीच घेऊन ते नमस्काराला आले. सुलेखा माझ्याशी नंतर बराच काळ बोलली नाही.

जेवणाच्या रांगेत दीपाच्या सासूबाई माझ्या पुढे होत्या.

"कथा सोपी होती," त्या म्हणाल्या. "एकच जोडपं. उगीच एवढा कागद का रंगवलात?"